पणजोबा कॅप्टन होते की जमादार?

एका वाचक भगिनींचं पत्र, थोडक्यात:

"आमचं मूळ गाव सातारा जिल्ह्यातलं. पणजोबा पहिल्या महायुद्धात लढले. घरात सगळे त्यांना 'कॅप्टनसाहेब' म्हणतात. गणवेशातला एक फोटो, एक चांदीचं पदक आणि पेन्शनच्या पुस्तकाचं कसर लागलेलं एक पान, एवढंच त्यांचं शिल्लक आहे. माझे थोरले चुलते अण्णा (वय ८२) घराण्याचा कुलवृत्तांत छापायला देत आहेत. पणजोबा कॅप्टन होते, मेसोपोटेमियातल्या (आजच्या इराकमधल्या) कूटच्या वेढ्यात लढले आणि व्हिक्टोरिया क्रॉस या सर्वोच्च शौर्यपदकासाठी त्यांची शिफारस झाली होती, असं त्यांनी त्यात लिहिलंय. मी सहज इंटरनेटवर १९१९ ची आर्मी लिस्ट (लष्करातल्या अधिकाऱ्यांची छापील यादी) उघडली, तर ११० व्या मराठा पलटणीत त्यांच्याच नावाआडनावाचे एक जमादार सापडले, नेमणूक १९१७ ची. अण्णांना हे दाखवावं तर ते दुखावतील, न दाखवावं तर चुकीचं छापलं जाईल. चुलतभाऊ म्हणतो, इंग्रजांची चाकरी केलेल्या माणसाचं एवढं कौतुक कशाला? त्यातच एका गृहस्थांनी लंडनहून पणजोबांची 'संपूर्ण सर्व्हिस फाइल' आणून देतो म्हणून ३५ हजार रुपये मागितलेत. काय करू?"

ताई,

तुम्हाला लिस्टमध्ये सापडलेले जमादार तुमचेच पणजोबा आहेत, हे अजून ठरलेलं नाही. मराठा पलटणींची भरती सातारा, रत्नागिरी, कोल्हापूर, पुणे अशा ठरलेल्या मुलखातून होत असे. एकाच पलटणीत एका नावाआडनावाची दोन-तीन माणसं सहज असू शकत. आर्मी लिस्टमध्ये वडिलांचं नाव नसतं, गावही नसतं. म्हणजे अण्णांकडे ऐकलेली गोष्ट आहे, तुमच्याकडे छापलेलं नाव आहे, आणि पुरावा अजून दोघांकडेही नाही. छापलेलं पाहिलं की आपण लगेच विश्वास ठेवतो आणि वयस्क माणसाच्या बोलण्यावर लगेच शंका घेतो. या कामात दोन्ही सवयी घात करतात. तेव्हा अण्णांना तुम्ही काय दाखवायचं हा प्रश्न थोडा बाजूला ठेवू. आधी आपल्या हातात नेमकं काय आहे ते पाहू.

'कॅप्टन'पासून सुरुवात करू या. त्या काळच्या हिंदी लष्करात अधिकाऱ्यांचे दोन वेगळे वर्ग होते. लेफ्टनंट, कॅप्टन, मेजर यांना राजाचं कमिशन, म्हणजे अधिकारी म्हणून नेमणुकीची सनद, असे आणि पायदळात ते जवळजवळ सगळे गोरे असत. शिपाई म्हणून भरती झालेला आपला माणूस नाईक, हवालदार असं चढत गेला तर पुढे जमादार, सुभेदार आणि शेवटी सुभेदार मेजर होई. त्याचं कमिशन व्हाइसरॉयचं. राजाचं कमिशन हिंदी माणसांना खुलं झालं ते १९१७ च्या ऑगस्टमध्ये, तेही अगदी मोजक्यांना. त्यानंतर इंग्लंडमधल्या सँडहर्स्टच्या लष्करी महाविद्यालयात वर्षाला दहा जागा ठेवल्या गेल्या. पुढे लष्करप्रमुख झालेले करिअप्पा इंदूरच्या कॅडेट कॉलेजातून १९१९ मध्ये अधिकारी झाले. आपल्या कोल्हापूरकडचे एस. पी. पी. थोरात सँडहर्स्टहून बाहेर पडले ते १९२६ साली. डेहराडूनची लष्करी अकादमी तर १९३२ ची. म्हणून पहिल्या महायुद्धात शिपायापासून वर आलेला मराठा गडी पायदळात नेहमीच्या अर्थानं कॅप्टन झाला, हे त्या व्यवस्थेत बसतच नाही. त्या वेळी मराठी घरात खरोखरच कॅप्टन असेल तर तो बहुतेक डॉक्टर असायचा. युद्धकाळात इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये अनेक हिंदी डॉक्टरांना तात्पुरतं कमिशन मिळालं होतं.

पण एवढ्यावरून अण्णांचं खोटं ठरत नाही. दीर्घ आणि चांगली नोकरी झालेल्या सुभेदार मेजरांना मानद लेफ्टनंट किंवा मानद कॅप्टन हा किताब मिळत असे, बऱ्याचदा निवृत्तीच्या सुमारास. तुमच्या पणजोबांना तो मिळाला असेल, तर १९१९ मध्ये जमादार असलेला माणूस पंधरा वर्षांनी गावी 'कॅप्टनसाहेब' म्हणून परत येणं अगदी सरळ आहे. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात! दुसरी शक्यता अशी की 'सुभेदार मेजर'मधला सुभेदार गळून गावानं त्यांना नुसतं 'मेजर' केलं आणि पुढच्या पिढीनं मेजरचं कॅप्टन केलं. घराघरांतून असं होतं आणि त्यात कुणाचा खोटेपणा नसतो. आणखी एक खूण सांगते. पणजोबांच्या नावामागे कुठे 'सरदार बहादूर' किंवा नुसतं 'बहादूर' लागलेलं आढळलं, तर ते गावानं दिलेलं बिरूद समजून सोडून देऊ नका. ऑर्डर ऑफ ब्रिटिश इंडिया हा सन्मान मिळालेल्या हिंदी अधिकाऱ्यांना ही पदवी लावण्याचा हक्क असे. पहिल्या वर्गाला सरदार बहादूर, दुसऱ्याला बहादूर. असे सन्मान आणि मानद हुद्दे गॅझेटमध्ये छापून येत, म्हणजे ते तपासता येतात.

तुमच्या पत्रातली मला सगळ्यात जास्त लागलेली गोष्ट वेगळीच आहे. 'जमादार' सापडल्यावर तुम्हाला ते नामुष्कीसारखं वाटलं, असं ओळींमधून जाणवतं. आज हा शब्द आपण वेगळ्या कामासाठी ऐकतो आणि लष्करानंही १९६५ मध्ये हुद्द्याचं नाव बदलून नायब सुभेदार केलं, त्यामुळे असं वाटणं मी समजू शकते. पण १९१४ च्या पलटणीचा हिशेब मांडून पाहा. सातशेच्या वर शिपाई-हवालदार आणि त्यांच्यामागे हिंदी अधिकारी सतरा-अठराच. निरक्षर किंवा जेमतेम शिकलेला शेतकऱ्याचा पोरगा त्या सतरांत जाऊन बसतो, तेव्हा त्यानं लढाईत, कवायतीत, माणसं सांभाळण्यात स्वतःला सिद्ध केलेलं असतं. गोरा अधिकारी पडला की पलटण पुढे नेणारा हाच. मोठ्या घराण्यातल्या एखाद्याला नेमणुकीनं मिळालेल्या कॅप्टनपदापेक्षा ही चढण अवघड होती. कुलवृत्तांतात 'जमादार' छापलं गेलं तर पणजोबा लहान होणार नाहीत.

आता 'सर्व्हिस फाइल'. प्रत्येक सैनिकाची जन्मापासून निवृत्तीपर्यंतची एक जाड फाइल कुठेतरी कपाटात आहे आणि ओळखीचा माणूस मिळाला की ती हाती येते, अशी आपली समजूत असते. लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसचे लष्करी कागद आहेत आणि त्यांत अधिकाऱ्यांच्या वैयक्तिक फायलीही आहेत. पण त्या प्रामुख्यानं राजाचं कमिशन असलेल्यांच्या. शिपाई आणि सुभेदार-जमादारांचे कागद पलटणीच्या डेपोत इथेच राहत, लंडनला जात नसत. पुढे ते रेकॉर्ड ऑफिसांकडे आले. मराठा लाइट इन्फंट्रीचं बेळगावला, महार रेजिमेंटचं सागरला. तिथेही सगळं जपलेलं नसतं, कारण ठरावीक मुदतीनंतर जुने सेवाकागद नियमानुसार नष्ट केले जातात. मागे उरतो तो 'लाँग रोल', म्हणजे माणसागणिक एक-दोन ओळींची मोठी नोंदवही. तेव्हा शंभर वर्षांपूर्वीच्या जमादाराची संपूर्ण फाइल लंडनहून आणतो म्हणणारा माणूस बहुधा तुम्हाला आर्मी लिस्टच्याच पानाची रंगीत प्रत देईल.

मग शोध घ्यायचा कसा? माणसाच्या नावापासून नव्हे, पलटणीपासून. नावाचं इंग्रजी लेखन त्या काळी कारकुनाच्या कानावर चाले. जाधव कुठे 'जाधाओ', कुठे 'जादो', भोसले कुठे 'भोंसले', कुठे 'भोसला', आणि कुणाच्याही नावापुढे 'राव' चिकटलेलं किंवा गळलेलं. पलटण पक्की झाली की ती कोणत्या साली कुठे होती हे उभं करता येतं आणि त्या चौकटीत माणूस बसतो की नाही ते कळतं.

पलटण घरातच सापडते, म्हणून पहिलं काम पदकाचं. ते घासू नका. ना चिंच, ना राख, ना पितळ उजळायची पावडर. पहिल्या महायुद्धाच्या ब्रिटिश वॉर मेडलच्या कडेवर, नाण्याला जिथे दाते असतात त्या जागी, माणसाचा हुद्दा, नाव आणि पलटण बारीक अक्षरांत ठोकलेली असते, आणि घासून घासून तीच झिजते. अंधाऱ्या खोलीत मोबाइलचा टॉर्च अगदी तिरपा धरा, भिंग घ्या आणि कडा फिरवत अक्षरं जशी दिसतात तशी उतरवून घ्या. अर्धं अक्षर दिसलं तर अर्धंच लिहा, अंदाजानं पूर्ण करू नका. नावाआधी नंबर असेल तर पदकाच्या नोंदीत ते शिपाई, नाईक किंवा हवालदार होते. नंबर नसून थेट जमादार किंवा सुभेदार असेल तर लिस्टमधल्या माणसाशी तुमचं नातं बरंच जवळ आलं. तो हुद्दा युद्धकाळातला असतो, निवृत्तीचा नाही, हे मात्र ध्यानात ठेवा. पदक चांदीचं आहे हेही महत्त्वाचं, कारण हेच पदक मजूर दलातल्या लोकांना काशाचं दिलं गेलं.

फोटो चौकटीतून बाहेर काढता आला तर त्याची मागची बाजू पाहा. स्टुडिओचं नाव आणि गाव असेल तर कोणत्या छावणीत काढला ते समजेल. खांद्यावरच्या पट्टीतली पितळी अक्षरं किंवा आकडा दिसतो का? लाइट इन्फंट्रीच्या चिन्हात बिगुल असतो. खांद्यावरचे तारे मोजून मात्र 'कॅप्टनच' असा निष्कर्ष काढू नका. सुभेदार-जमादारांनाही तारे असत आणि कमरेला तलवार असे.

पेन्शनचं पान तुमच्याकडचा सगळ्यात मोलाचा कागद आहे आणि तुम्ही त्याचा उल्लेख एका ओळीत संपवलाय! त्यावर पेन्शनच्या हुकमाचा नंबर, शेवटचा हुद्दा, शेवटची पलटण, पेन्शन सुरू झाल्याची तारीख, यांतलं काहीही असू शकतं. 'जंगी इनाम' असे शब्द दिसले तर ती युद्धातल्या कामगिरीबद्दल वेगळी मिळालेली रक्कम आहे. पान आज सपाट ठेवून चांगल्या उजेडात दोन्ही बाजूंचे फोटो काढा. प्लास्टिकमध्ये लॅमिनेट करू नका, ते कायमचं बिघडतं.

त्यानंतर गाव. लष्करी माणसाचा शोध लोक दिल्ली-लंडनला सुरू करतात आणि स्वतःच्या तालुक्यातले कागद पाहायचे राहून जातात. आजोबांचं नाव ज्या शाळेत घातलं तिथल्या जनरल रजिस्टरमध्ये पालकाचा धंदा लिहिलेला असतो. तिथे 'पेन्शनर सुभेदार' असे दोन शब्द निघाले, तर अण्णांच्या आणि तुमच्या वादातला निम्मा भाग तिथेच मिटतो. तहसील कचेरीतल्या कोतवाल बुकात जन्म-मृत्यूच्या नोंदी असतात. जातीच्या दाखल्यासाठी ती धुंडाळलेला कुणीतरी तुमच्या भावकीत नक्की असेल. जुने फेरफार पाहा, जमीन पेन्शनच्या पैशातून घेतलेली असेल तर नावामागे हुद्दा लागलेला असतो. हे कागद मोडीत असतील तर वाचणारा माणूस शोधावा लागेल. पुण्या-कोल्हापुरात असे जाणकार मिळतात, पुराभिलेखागारात चौकशी केली तर पत्ता लागतो. गावात मंदिराच्या पायरीवर देणगीदारांची नावं कोरलेली असतात, तीही वाचा. महायुद्धाचा संगमरवरी फलक असेल तर त्यावर गावातून किती जण गेले आणि किती मेले एवढे आकडेच असतात, नावं नसतात. पण तो फलक असणं हाही दुवा आहे. साताऱ्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात एक चक्कर मारायला हरकत नाही, मात्र इतक्या जुन्या नोंदीची फार आशा ठेवू नका.

एवढं जमल्यावर बेळगावच्या रेकॉर्ड ऑफिसला लिहा. पणजोबांचं पूर्ण नाव, वडिलांचं नाव, गाव, तालुका, जुना जिल्हा, पलटणीचं जुनं नाव आणि भरतीचं अंदाजे साल, तुमचं नातं दाखवणारा एखादा दाखला, सोबत पदकाचा आणि पेन्शनच्या पानाचा फोटो. साधं पत्र आधी पाठवा, अनेकदा त्यालाही उत्तर येतं. नाही आलं तर माहिती अधिकाराचा अर्ज. फी दहा रुपये, मुदत तीस दिवसांची. माहिती 'वैयक्तिक' आहे म्हणून नाकारली, तर कायद्याच्या कलम ८ (३) कडे बोट दाखवा. वीस वर्षांहून जुन्या घटनांच्या माहितीला ते कारण लागू होत नाही. प्रश्न असे विचारा की उत्तर कागदातूनच द्यावं लागेल. 'माझे पणजोबा शूर होते का, त्यांना कॅप्टन का केलं नाही' असलं काही नको. 'या व्यक्तीची लाँग रोलमध्ये किंवा अन्य नोंदवहीत नोंद आहे का, असल्यास त्या पानाची प्रत द्यावी. कागद नष्ट केले असल्यास त्या आदेशाची प्रत आणि तारीख द्यावी.' एवढं पुरे. कागद नष्ट झाल्याचं लेखी उत्तर आलं तरी ते जपून ठेवा. तुमची मुलं पुन्हा तोच दरवाजा ठोठावणार नाहीत.

इथे पलटणीच्या नावांचा एक घोळ सांगून ठेवते, कारण बरेच लोक त्यातच वाट चुकतात. तुमची ११० वी पलटण १९२२ च्या फेररचनेत पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची तिसरी बटालियन झाली. म्हणजे १९२२ नंतरचे पणजोबा तुम्हाला '११० व्या'खाली मिळणारच नाहीत. १०३ वी पहिली झाली, १०५ वी दुसरी, ११६ वी चौथी, ११७ वी पाचवी आणि ११४ वी प्रशिक्षणाची दहावी बटालियन. तुमची तिसरी तर स्वातंत्र्यानंतर, १९५२ मध्ये, पॅराशूट रेजिमेंटची दुसरी बटालियन झाली. आर्मी लिस्ट निघत राहिल्या आणि बऱ्याच आता इंटरनेटवर फुकट आहेत. १९१९ ची पाहिलीत तशी १९२१, १९२४, १९२८ ची पाहा. नेमणुकीची तारीख तीच असेल तर तोच माणूस पुढे सुभेदार झाला का, आणि कोणत्या वर्षी यादीतून गेला, ते दिसेल. यादीतून गेल्याचं साल आणि पेन्शनच्या पानावरचं साल जुळलं, तर मी म्हणेन की माणूस सापडला. दोन वेगळ्या ठिकाणचे कागद एकमेकांना न विचारता एकच गोष्ट सांगतात, तो पुरावा.

आता कूट. ७ डिसेंबर १९१५ ला वेढा पडला आणि २९ एप्रिल १९१६ ला आतल्या फौजेचे सेनापती जनरल टाउनशेंड तुर्कांना शरण गेले. सहाव्या पुणे डिव्हिजनबरोबर १०३, ११० आणि ११७ या तिन्ही मराठा पलटणी आत होत्या, म्हणजे अण्णांच्या गोष्टीला जमीन आहे. पण शरणागतीनंतर सगळे तुर्कांच्या कैदेत गेले, वाळवंटातून चालवत नेले गेले आणि त्यांतले कितीतरी परत आलेच नाहीत. कैदेत असलेल्या हवालदाराची १९१७ मध्ये जमादार म्हणून नेमणूक होणं अवघड दिसतं. म्हणून लिस्टमधले जमादार तुमचे पणजोबा असतील तर ते वेढ्यात नसण्याची शक्यता जास्त. ते १९१५ च्या नोव्हेंबरमध्ये बगदादजवळच्या टेसिफोनच्या लढाईत जखमी होऊन आधीच बसऱ्याला गेले असतील, किंवा डेपोत असतील आणि नव्यानं उभ्या केलेल्या पलटणीबरोबर गेले असतील. आणि ते खरंच वेढ्यात होते असं सिद्ध झालं, तर लिस्टमधला माणूस दुसरा. पहिल्या महायुद्धातल्या कैद्यांच्या नोंदी आंतरराष्ट्रीय रेडक्रॉसनं इंटरनेटवर खुल्या केल्या आहेत, तिथे एकदा शोधा. पलटणींच्या युद्धडायऱ्या लंडनमध्ये क्यू इथल्या ब्रिटनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. दिल्लीच्या आपल्या राष्ट्रीय अभिलेखागारातही लष्करी खात्याचे कागद आहेत आणि त्यांच्या 'अभिलेख पटल' या संकेतस्थळावर घरबसल्या शोधता येतं. डायऱ्यांत हिंदी माणसांची नावं क्वचित येतात, पण पलटण कोणत्या दिवशी कुठे होती हे तिथे पक्कं कळतं.

व्हिक्टोरिया क्रॉसच्या शिफारशीचं वाक्य मात्र काढून टाका. हा सन्मान मिळालेल्यांची यादी प्रसिद्ध आहे. मराठा लाइट इन्फंट्रीला तो दोनदा मिळाला, दोन्ही वेळा दुसऱ्या महायुद्धात इटलीच्या आघाडीवर: १९४४ मध्ये यशवंत घाडगे यांना मरणोत्तर आणि १९४५ मध्ये नामदेव जाधव यांना. नुसती शिफारस झाली होती हे कागदाशिवाय सिद्ध होत नाही आणि खोडताही येत नाही. असं वाक्य वाचणाऱ्याला बाकीच्या खऱ्या मजकुराबद्दलही शंका येते.

राहिले अण्णा. तुम्ही त्यांना 'दाखवायचं' म्हणताय, पण मी म्हणेन की आधी ऐका. हिशेब केला तर ८२ वर्षांच्या अण्णांनी लहानपणी आपल्या आजोबांना पाहिलेलं असू शकतं. तसं असेल, तर पणजोबांना पाहिलेला तुमच्या घरातला हा शेवटचा माणूस आहे आणि अशी नोंद जगातल्या कुठल्याही अभिलेखागारात नाही. आर्मी लिस्ट घरी ठेवून जा. मोबाइलवर रेकॉर्डिंग लावा, त्यांना सांगून लावा, आणि कॅप्टनपदाबद्दल विचारू नका. आजोबा सकाळी किती वाजता उठत, पेन्शन आणायला कुठे जात, त्यांना भेटायला कोण जुने सोबती येत आणि ते त्यांना काय म्हणून हाक मारत, अंगावर जखमेची खूण होती का, लढाईबद्दल कधी बोलत की टाळत, दसऱ्याला पदक लावत का. जुन्या सोबत्यांनी मारलेली हाक हा हुद्द्याचा फार चांगला साक्षीदार असतो. मग दोघं मिळून पदकाची कडा वाचा. ती अक्षरं अण्णांच्या डोळ्यांनी वाचली गेली तर पुतणीनं आपल्याला खोटं पाडलं असं त्यांना वाटायचं कारणच उरत नाही. पुस्तकातलं वाक्यही तेच सुचवतील. नाहीच सुचलं तर असं लिहिता येईल: 'घराण्यात त्यांना कॅप्टनसाहेब म्हणत. १९१९ च्या आर्मी लिस्टमध्ये ११० व्या मराठा पलटणीत याच नावाचे जमादार आढळतात. ते हेच असावेत, शोध चालू आहे.' यात अण्णांचाही मान राहतो आणि पुढच्या पिढीची फसवणूकही होत नाही. छपाई महिना-दोन महिने पुढे ढकलता आली तर उत्तम, माहिती अधिकाराचं उत्तर तोवर येईल.

चुलतभावाच्या प्रश्नाला मी हलकं म्हणणार नाही. हिंदी पलटणी परक्या सत्तेसाठी लढल्या, आपल्याच लोकांविरुद्धही वापरल्या गेल्या, आणि शोधात असं काही समोर आलं तर तेही तसंच लिहा. पण भरतीच्या रांगेत उभा राहिलेला विशी-बाविशीतला पोरगा कोरडवाहू जमीन, सावकार आणि दुष्काळ यांच्यामधून आला होता. महार समाजाला तर ही नोकरी शिक्षणाचं आणि स्वाभिमानाचं दार होती, आणि १८९० च्या दशकात सरकारनं ते दार बंद केलं तेव्हा ते उघडावं म्हणून अर्जविनंत्या कराव्या लागल्या. बाबासाहेब आंबेडकरांचे वडील रामजी सकपाळ सुभेदार होते, हे तुमच्या भावाला आठवत असेलच. माणूस शोधणं म्हणजे त्याचा पुतळा उभारणं नव्हे. भावाला या कामात घ्या. ज्याला कौतुक नको आहे तो पुरावा जास्त कसून तपासतो.

असंच काम हाती घेतलेल्या इतर वाचकांसाठी थोडं. पूर्वज युद्धात मरण पावले असतील तर कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या संकेतस्थळावर नाव शोधा, तिथे बऱ्याचदा वडिलांचं नाव आणि गावही मिळतं. न मिळालं तरी निराश होऊ नका. मेसोपोटेमिया आणि आफ्रिकेत मेलेल्या असंख्य हिंदी सैनिकांची नावं नोंदवलीच गेली नव्हती, आणि २०२१ मध्ये कमिशननं स्वतःच्या अहवालात तसं मान्य केलं आहे. दुसऱ्या महायुद्धात सिंगापूरला पकडले गेलेले पूर्वज आझाद हिंद फौजेत गेले असतील, तर त्यांचे कागद दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात पाहावेत. कोल्हापूर संस्थानच्या फौजेत असलेल्यांनी कोल्हापूर पुराभिलेखागारातून सुरुवात करावी. पूर्वज पेशवाईतले सरदार असतील तर रस्ता वेगळाच, पुण्याचं पेशवे दफ्तर आणि मोडी. राजाचं कमिशन किंवा डेहराडूनचं कमिशन असलेल्यांसाठी लंडन गॅझेट आणि आर्मी लिस्ट पुरेशी बोलकी आहे. स्वातंत्र्यानंतरच्या अधिकाऱ्यांसाठी विचारणा दिल्लीच्या लष्कर मुख्यालयाकडे करावी लागते.

त्या लंडनवाल्या गृहस्थांना आज पैसे देऊ नका. त्यांना एकच ओळ लिहून पाठवा: कोणत्या संस्थेतला, कोणत्या संदर्भ क्रमांकाचा कागद तुम्ही देणार आहात? पैसे घेऊन प्रामाणिकपणे काम करणारे संशोधक असतात, आणि क्यूमधली ११० व्या पलटणीची डायरी हवी असेल तर अशा माणसाकडून पानांचे फोटो मागवणं रास्त आहे. तो आधी संदर्भ क्रमांक सांगतो आणि पानांच्या हिशेबानं पैसे घेतो. 'संपूर्ण फाइल'चे एकरकमी ३५ हजार मागणाऱ्याकडून हा क्रमांक येणार नाही असं मला वाटतं. आला तर तो मला कळवा, पैसे देण्याआधी आपण दोघी मिळून तो तपासू.